घोरणं, अडकलेला श्वास आणि विस्कटलेलं डोकं : स्लीप ॲप्नियाने मेंदूच्या जोडण्यांचं नक्की काय होतं?

अर्धीझोप :

मंडळी, मागच्या वर्षी माझी पक्की खात्री झाली होती की मला स्मृतिभ्रंश होतोय. वय ४७. मीटिंगमध्ये समोरचा बोलतोय, शब्द कानावर पडतायत, पण वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात डोक्यातून गायब. या खोलीतून त्या खोलीत कशाला आलो ते विसरणं वगैरे सगळ्यांचंच होतं, ते सोडा, पण एकदा रोजच्या रस्त्यावर सिग्नलला गाडी उभी असताना आपण घरी चाललोय की ऑफिसला हे आठवायला मला चार-पाच सेकंद लागले. मागच्याने हॉर्न मारला तेव्हा भानावर आलो. त्या दिवशी टरकली.

मग रक्त तपासून झालं. बी१२ ठीक, थायरॉइड ठीक, शुगर काठावर. न्यूरोच्या डॉक्टरांनी माझं सगळं रडगाणं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न मला न विचारता बायकोला विचारला, हे घोरतात का? ती म्हणाली, घोरण्याची सवय झालीये हो, ते मध्येच थांबतं तेव्हा मला जाग येते.

स्लीप स्टडी (रात्रभर झोपेतला श्वास मोजणारी तपासणी) झाली. एएचआय ४१. म्हणजे झोपेच्या प्रत्येक तासाला सरासरी ४१ वेळा माझा श्वास एकतर पूर्ण थांबत होता किंवा बराच कमी होत होता, आणि थांबणं म्हणजे कमीत कमी १० सेकंद, त्याखालचं मोजतच नाहीत. ५ च्या आत नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. ऑक्सिजन सगळ्यात खाली ७६ टक्क्यांपर्यंत गेलेला. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) मला रात्रीत एकदाही जाग आल्याचं आठवत नव्हतं, मी तर सगळ्यांना सांगायचो की मी पडल्या पडल्या झोपतो, लोळत पडायची वेळच येत नाही. ते कौतुकाचं नव्हतं, आजाराचं लक्षण होतं.

या आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. नंतर वाचत सुटलो. होतं असं की झोप लागली की घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरते आणि ज्यांची वाट मुळातच अरुंद आहे (जाड मान, मागे असलेला जबडा, मोठे टॉन्सिल, काहीही कारण) त्यांची श्वासाची नळी तिथे चिकटून बसते. छाती ओढतच असते, हवा येत नाही. ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, आपल्याला दोन-चार सेकंदांपुरतं जागं करतो, स्नायू ताठतात, फुर्रर्र करून श्वास सुटतो आणि परत झोप. सकाळी यातलं काही आठवत नाही कारण आठवण्याइतकी ती जाग लांब नसते. पण नाडी, बीपी, ॲड्रेनलिन दर वेळी उसळून आलेलं असतं.

मेंदूवर त्यामुळे दोन वेगळे मार बसतात. एक, झोपेचे तुकडे. सलग गाढ झोप मिळाली नाही की दिवसभरात शिकलेलं पक्कं होत नाही. दुसरा मार ऑक्सिजनच्या झोक्याचा. उंच डोंगरावर ऑक्सिजन कमी असतो पण तो सतत कमी असतो, शरीर हळूहळू जुळवून घेतं. इथे खाली-वर, खाली-वर, रात्रीत शेकडो वेळा, आणि नुकसान फक्त खाली जाताना होत नाही, परत वर येताना जे फ्री रॅडिकल तयार होतात त्यांनीही रक्तवाहिन्यांचं अस्तर आणि पेशी भाजून निघतात. हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी टिपून घेणारा भाग, ऑक्सिजनच्या बाबतीत फार नाजूक आहे.

आता जोडण्यांबद्दल, ज्यासाठी हा धागा काढला. एफएमआरआयचा (मेंदूचं काम चालू असताना टिपणारं स्कॅन) एक प्रकार आहे ज्यात तुम्हाला काहीच करायला सांगत नाहीत, नुसतं पडून राहायचं. मेंदूच्या प्रत्येक भागात रक्तातल्या ऑक्सिजनचा सिग्नल सावकाश वर-खाली होत असतो, आणि ज्या दोन भागांचा सिग्नल एकाच ठेक्यात चालतो ते एकमेकांशी जोडलेले मानायचे. १९९५ मध्ये बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पहिल्यांदा दाखवलं, हात हलत नसतानाही दोन्ही बाजूंचे हात हलवणारे भाग एका ठेक्यात होते. मग २००१ मध्ये मार्कस राइकल यांच्या गटाने डिफॉल्ट मोड ही कल्पना मांडली, म्हणजे आपण काही विशेष करत नसतो, मनातल्या मनात भटकत असतो तेव्हा चालू असणारं जाळं. कपाळामागचा मधला भाग, मागच्या बाजूला पोस्टिरिअर सिंग्युलेट आणि प्रीक्युनिअस ही त्याची मुख्य ठाणी. काम समोर आलं की हे जाळं मंदावायला हवं आणि लक्ष देणारं, निर्णय घेणारं जाळं पुढे यायला हवं, आणि ही अदलाबदल कधी करायची ते ठरवणारं तिसरं जाळं आहे ज्यात इन्शुला येतो. स्लीप ॲप्नियाच्या बऱ्याच अभ्यासांत डिफॉल्ट मोडच्या पुढच्या आणि मागच्या भागांमधला ठेका सैल पडलेला दिसलाय, इन्शुलाच्या जोडण्याही बदललेल्या दिसल्यात. मला तो सिग्नलवरचा किस्सा आठवला. भटकणं बंद करून कामावर यायला जे बटण लागतं ते अडकतंय असंच वाटायचं.

माझी स्मरणशक्तीची चाचणी झाली त्यात १५ शब्दांची यादी ऐकवून थोड्या वेळाने म्हणायला सांगतात. मला ५ आठवले. लाज वाटली. पण मग त्यांनी भरपूर शब्द वाचून दाखवले आणि यातले कुठले यादीत होते ते ओळखा म्हणाले, तेव्हा मी जवळपास सगळे ओळखले. त्यांनी सांगितलं की हे चांगलं लक्षण आहे, अल्झायमरमध्ये ओळखणंही जातं, तुमचे शब्द आत गेलेत पण शोधून बाहेर काढणारी यंत्रणा थकलीये. इतका सुटलो म्हणून सांगू.

पाच महिने सीपॅप (मास्कमधून हवा ढकलून घसा उघडा ठेवणारं मशीन) लावतोय. कोणाला असा अनुभव आहे का? आणि यातलं काय भरून येतं, काय नाही?

कानोसा :

तुमच्या बायकोचं वाक्य वाचून अंगावर काटा आला कारण मीपण तेच करते. मी मोजायचे. एक, दोन, तीन... पंधराच्या पुढे गेलं की ढकलायचे. एकदा तीसपर्यंत गेलं होतं. माझी स्वतःची झोप किती वर्षं अशी मोजण्यात गेली माहीत नाही, त्याचा एएचआय कोण काढणार? नवरा मान्यच करत नव्हता, शेवटी मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवलं तेव्हा म्हणाला हा मी नाहीचे.

मशीन आणलंय आता. लावतो. पण पहाटे उठून बघावं तर मास्क उशीखाली. यावर नंतर विचारते.

शंकेखोर :

लेख आवडला, पण मी विरोधी पक्षात बसतो. "जोडण्या सैल पडल्या" हे वाक्य मला जरा जास्तच आत्मविश्वासाचं वाटतं. एफएमआरआय मेंदूच्या पेशी मोजत नाही, रक्त मोजतो. ॲप्नियाच्या माणसांच्या रक्तवाहिन्या कार्बन डायऑक्साइडला वेगळा प्रतिसाद देतात, मग सिग्नल बदलला तो पेशींमुळे की नळ्यांमुळे? बीपी, डायबेटिस, वजन हे सगळं बहुतेकांच्या सोबतीला असतंच, आणि यातलं प्रत्येक एकटंही मेंदूला त्रास देतं. अभ्यासात माणसं किती, तर बऱ्याच ठिकाणी वीस-तीस.

आणि सगळ्यात मोठी अडचण सांगू का, रात्रभर झोप न झालेल्या माणसाला अंधाऱ्या मशीनमध्ये आडवं करायचं, काही करू नका म्हणायचं आणि तो जागा राहील अशी अपेक्षा करायची? तो पाच मिनिटांत पेंगणार. पेंगलेल्या मेंदूच्या जोडण्या जाग्या मेंदूपेक्षा वेगळ्या दिसणारच. म्हणजे तुम्ही आजार मोजला की डुलकी?

पेशीपसारा :

शंकेखोर, डुलकीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. मी एमआरआयच्या डेटावर काम करते, डोळे उघडे ठेवून एका खुणेकडे बघायला सांगणं, कॅमेऱ्याने डोळ्यांवर लक्ष ठेवणं असे उपाय करतात, पण जुन्या अभ्यासांत ते सगळीकडे केलेलं नसतं. शिवाय डोकं हललं की खोट्या जोडण्या दिसतात, आणि जड श्वास घेणारा माणूस जास्त हलतो.

पण फक्त त्या एका स्कॅनवर सगळी भिस्त नाहीये. मेंदूची रचनाही बघितलीये, आणि ती कथा सरळ नाही म्हणूनच मला आवडते. २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गटाने दाखवलं की ॲप्नियाच्या लोकांत बऱ्याच ठिकाणी ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूच्या पेशींचा भाग, कमी आहे, खळबळ उडाली. लगेच पुढच्या वर्षी दुसऱ्या गटाला फक्त डाव्या हिप्पोकॅम्पसमध्ये फरक मिळाला, आणि २००५ मध्ये तीव्र ॲप्नियावाल्यांवर केलेल्या एका अभ्यासात काहीच फरक मिळाला नाही. त्यात परत २०१७ चा एक अभ्यास, मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांत, तो तर म्हणतो काही भाग उलट जाड झालेत! त्यांचा अंदाज असा की सुरुवातीला सूज आणि दाह यांमुळे मेंदू फुगलेला दिसतो. हा अंदाज खरा असेल तर झिजणं आणि फुगणं एकमेकांना खोडत असतील, आणि दोन गटांची नुसती सरासरी काढली तर काहीच झालं नाही असं दिसेल.

व्हाइट मॅटर, म्हणजे लांबच्या जोडण्यांच्या तारा, तिथे मला पुरावा जास्त ठोस वाटतो. पाण्याचे कण तारेच्या दिशेने किती नीट सरकतात ते मोजतात, ॲप्नियात ते विस्कळीत झालेलं बऱ्याच गटांना दिसलंय. आणि इटलीतल्या एका गटाने सीपॅपच्या आधी आणि नंतर तीच माणसं परत तपासली: २०११ मध्ये त्यांनी छापलं की तीन महिन्यांनी चाचण्या सुधारल्या आणि हिप्पोकॅम्पस, फ्रंटल भागात ग्रे मॅटर वाढलं, तर २०१४ मध्ये की व्हाइट मॅटर सावरायला वर्षभर लागलं. १७ माणसं, शंकेखोर, मला माहितीये, ओरडू नका. पण तारा सावरायला जास्त वेळ लागावा हे पटण्यासारखं आहे.

अर्धीझोप, पाच महिन्यांत सगळं परत आलं नाही म्हणून खचू नका एवढंच.

शंकेखोर :

१७ वर ओरडणारच होतो. थांबलो.

दुपारचीपेंग :

या विषयावर बोलताना डोळ्यासमोर कायम जाड मानेचा, घोरणारा, टीव्हीसमोर डुलक्या घेणारा पुरुष असतो. मी ५२, बारीक, घोरत नाही म्हणण्याइतकं हळू घोरते. मला झोपच लागायची नाही, लागली तर तीनला जाग, सकाळी डोकं दुखतंय, दिवसभर चिडचिड आणि डोक्यात नुसता कापूस भरल्यासारखं. दोन वर्षं नैराश्याची गोळी घेतली. पाळी जातानाचं असतं असं, म्हणाले सगळे. ते अर्धं खरंच होतं म्हणा, कारण प्रोजेस्टेरॉन श्वासाला आधार देतं आणि ते कमी झालं की बायकांमध्ये ॲप्नियाचं प्रमाण वाढतं.

एएचआय एकूण १९ आला, पण रिपोर्ट नीट वाचला तर जवळपास सगळे अडथळे रेम झोपेत. म्हणजे स्वप्नांची झोप, ज्यात स्नायू सगळ्यात सैल असतात, त्यामुळे अडथळे लांब आणि ऑक्सिजन जास्त खाली. मला रस्ते विसरायला व्हायचं. ज्या इमारतीत वीस वर्षं जातेय तिथे लिफ्टमधून बाहेर पडून उलट्या बाजूला वळायचे.

पेशीपसारा :

दुपारचीपेंग, तुमचं ते उलट्या बाजूला वळणं वाचून एक अभ्यास आठवला. २०१४ चा, न्यूयॉर्कचा. सीपॅप नियमित लावणारी माणसं घेतली, संध्याकाळी कॉम्प्युटरवर त्रिमितीय भूलभुलैया खेळायला दिला, आणि एका रात्री फक्त रेम झोप आली की मशीनचं प्रेशर कमी करायचे. बाकीची झोप व्यवस्थित. नुसत्या रेममध्ये ॲप्निया होऊ दिला, तर सकाळी वाट शोधण्यात रात्रीच्या झोपेने जी सुधारणा व्हायला हवी ती झालीच नाही. तीच माणसं चांगल्या रात्रीनंतर मात्र पटकन बाहेर पडली. इथे वजन, बीपी, वय हे मुद्दे बाद होतात शंकेखोर, कारण माणूस तोच.

शंकेखोर :

हा चांगलाय. हा मान्य.

तिसरीपिढी :

माझे बाबा ७८ वर्षांचे, विसरतात, घोरतात, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतात. प्रोस्टेट समजून उपचार चालू आहेत. ॲप्नियामुळे डिमेन्शिया होतो का हो? सरळ हो-नाही सांगा प्लीज, सगळीकडे गोल गोल लिहिलेलं असतं.

श्वासनळी :

मी फुप्फुसांचा डॉक्टर, पेशंट बघतो, मेंदूतला तज्ज्ञ नाही. सरळ उत्तर: धोका वाढतो असं दिसतं, ॲप्निया हेच कारण आहे हे सिद्ध नाही. २०११ मध्ये जामा या नियतकालिकात आलेला अभ्यास होता, सरासरी ८२ वर्षांच्या २९८ बायका, सुरुवातीला कोणालाच डिमेन्शिया नव्हता. सुमारे पाच वर्षांनी ज्यांना झोपेत श्वासाचा त्रास होता त्यांच्यातल्या जवळपास ४५ टक्के बायकांना सौम्य विस्मरण किंवा डिमेन्शिया झालेला, त्रास नसलेल्यांत ३१ टक्के. आणि महत्त्वाचं, संबंध दिसला तो ऑक्सिजन उतरण्याशी, झोपेचे तुकडे पडण्याशी नाही. झोपेत मेंदूतला कचरा, बीटा अमायलॉइड वगैरे धुऊन जातो असं २०१३ मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं, त्यामुळे झोप मोडली की कचरा साठतो ही कल्पना लोकप्रिय आहे, पण उंदरापासून तुमच्या वडिलांपर्यंत बरंच अंतर आहे.

रात्रीची लघवी मात्र दुर्लक्षू नका. बंद नळीवर छाती जोर लावते तेव्हा छातीत उलटा दाब तयार होतो, हृदयाचा कप्पा ताणला जातो, त्याला वाटतं शरीरात पाणी जास्त झालंय आणि तो मूत्र वाढवणारं हार्मोन सोडतो. कित्येक पेशंट पहिल्या आठवड्यात हेच सांगतात की डॉक्टर, रात्रीचं उठणं थांबलं. स्लीप स्टडी करून घ्या. विस्मरण बरं होईल असं आश्वासन मी देणार नाही, पण या वयात जी कारणं काढून टाकता येतात ती काढून टाकावीत.

ताठकणा :

मशीन, स्कॅन, आकडे... इतकं कशाला? कुशीवर झोपा, वजन उतरवा, रात्रीची दारू बंद. आमच्या पिढीत घोरायचे सगळे, कोणी मशीन लावून झोपत नव्हतं.

अर्धीझोप :

ताठकणा, तुमच्या पिढीतले बरेच जण झोपेतच गेले असंही ऐकलंय 🙂 असो, चेष्टा बाजूला. सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. ज्यांना पाठीवर असतानाच त्रास होतो त्यांना कुशीचा खरंच फायदा होतो. वजनाचं गणितही मोजलेलं आहे, २००० साली आलेल्या विस्कॉन्सिनच्या अभ्यासात वजन १० टक्के उतरलं तर एएचआय साधारण २६ टक्के कमी होतो असं निघालं होतं. माझ्या ४१ मधून २६ टक्के वजा करा, ३० उरले, म्हणजे अजून तीव्र आणि मध्यमच्या उंबऱ्यावरच. वजन उतरेपर्यंत रोज रात्री मेंदू झोक्यावर बसवू का? दोन्ही करतोय, मशीन आणि चालणं.

निशाचर :

वजनासाठी ते टिर्झेपटाइड इंजेक्शन पण आता मिळालंय ना यासाठी? २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेत एफडीएने लठ्ठपणा असलेल्या मध्यम-तीव्र ॲप्नियासाठी मान्यता दिली. आणि कोणाला मजा हवी असेल तर २००६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डिजरीडू वाजवण्याचा अभ्यास आलाय, ते ऑस्ट्रेलियातलं लांब लाकडी वाद्य, चार महिने रियाज केला तर घशाचे स्नायू ताठ राहून मध्यम ॲप्निया कमी झाला. शेजाऱ्यांचा एएचआय मोजलेला नाही.

चिमणपाखरू :

मुलांचं काय? माझी मुलगी ६ वर्षांची, तोंड उघडं टाकून झोपते, अंथरुणभर फिरते, शाळेतून तक्रार की एका जागी बसत नाही. पेंगत मात्र अजिबात नाही, उलट चाबी दिल्यासारखी.

श्वासनळी :

मुलं पेंगण्याऐवजी चळवळी होतात, त्यामुळे त्यांच्यावर भलताच शिक्का बसतो. टॉन्सिल-ॲडेनॉइड दाखवून घ्या. फक्त अपेक्षा नीट ठेवा, ५ ते ९ वयाच्या ४६४ मुलांवरच्या २०१३ च्या मोठ्या चाचणीत ऑपरेशननंतर वागणं, झोप, एकूण जगणं सुधारलं, पण लक्ष आणि नियोजनाच्या औपचारिक चाचणीत नुसतं थांबून बघण्यापेक्षा लक्षणीय फरक नव्हता. सौम्य असेल तर थांबून बघणं हाही मार्ग आहे, आपल्या डॉक्टरांशी बोला.

शंकेखोर :

मोठ्यांचंही तेच ना? ॲपल्स नावाची चाचणी झाली, हजाराच्या वर माणसं, निम्म्यांना खरं सीपॅप, निम्म्यांना नाटकी, दाब नसलेलं. सहा महिन्यांनी डोक्याच्या चाचण्यांत फरक नाही. तीव्र ॲप्नियावाल्यांत दोन महिन्यांना थोडा दिसला होता तोही विरला. मग अर्धीझोप यांना जे बरं वाटतंय ते नक्की काय आहे?

श्वासनळी :

बरोबर वाचलंय तुम्ही. पण त्याच चाचणीत झोपाळूपणा स्पष्ट कमी झाला, आणि ज्यांचं डोकं आधी फारसं बिघडलेलंच नाही त्यांच्यात सुधारणा दिसणार कुठून, हा माझा प्रश्न. दुसरं म्हणजे तास. मशीन घरात असणं म्हणजे उपचार नव्हे. २००७ मध्ये एका अभ्यासात हे फोडून बघितलं: स्वतःला कमी झोपाळू वाटायला रात्री ४ तास पुरतात, चाचणीने मोजलेला झोपाळूपणा कमी व्हायला ६, आणि रोजचं कामकाज सुधारायला साडेसात. त्याआधी २००६ मध्ये मुळात स्मरणशक्ती कमी असलेल्या पेशंटवर तीन महिने बघितलं होतं, ६ तासांच्या वर लावणाऱ्यांची स्मरणशक्ती नॉर्मलला यायची शक्यता २ तासांच्या आत लावणाऱ्यांच्या आठपट होती. म्हणजे "मी चार तास लावतो, मला बरं वाटतं" हे खरं असतं, आणि तरीही पुरेसं नसतं.

बाकी या मशीनबद्दल एक सांगतो. १९८१ च्या आधी तीव्र ॲप्नियावर खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला भोक. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरने नाकात हवा ढकलून पाच पेशंटवर हे करून दाखवलं. आजच्या मशीनच्या आवाजाची तक्रार आली की मी हे सांगतो, उपयोग होत नाही.

अर्धीझोप :

शंकेखोर यांना प्रामाणिक उत्तर. परत चाचणी झाली परवा. आकडे उलटे म्हणायची चाचणी असते, ती ४ वरून ६ वर आली. शब्दांची यादी ५ वरून ८. वयाच्या मानाने अजून खालीच. दुपारची झोप पूर्ण गेली, ती पहिल्या पंधरा दिवसांतच गेली. चिडचिड दुसऱ्या महिन्यात कमी झाली (हे मला नाही, घरच्यांना कळलं). नावं अजून अडकतात. एकाच वेळी दोन कामं अजून जमत नाहीत, पूर्वी जमायची. हे सगळं सरावामुळे, मशीनच्या विश्वासामुळे, चालण्यामुळे असू शकतं, मला वेगळं काढता येत नाही. तुम्ही मात्र स्वतःची एपवर्थ स्केल, म्हणजे झोपाळूपणाची प्रश्नावली, भरून बघा एकदा, आठच प्रश्न आहेत, १० च्या वर आलं की जास्त.

शंकेखोर :

भरली. ९. विरोधी पक्ष काठावर वाचला.

दुपारचीपेंग :

९ म्हणजे निर्धास्त असं नाही हो, माझा ७ होता.

कानोसा :

आता माझा प्रश्न. नवरा अकराला मास्क लावून झोपतो आणि पहाटे तीन-साडेतीनला काढतो. मशीन रोज सकाळी हिरवी खूण दाखवतं, चार तास पूर्ण. तो खूश. पण वर दुपारचीपेंग आणि पेशीपसारा यांनी रेमबद्दल लिहिलंय ते वाचून प्रश्न पडला, स्वप्नांची झोप तर पहाटे जास्त असते ना?

श्वासनळी :

अगदी नेमकं पकडलंत. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त, रेम शेवटच्या तिसऱ्या भागात. अकरा ते तीन लावून तो सोपा अर्धा भाग सांभाळतोय आणि ज्या वेळी घसा सगळ्यात सैल असतो, ऑक्सिजन सगळ्यात खाली जातो, तिथे मास्क उशीखाली. चार तास हा आकडा नियमित वापर मोजण्यासाठी ठरवलेली सोय आहे, मेंदूचा त्याच्याशी काही करार झालेला नाही.

तो मास्क कशामुळे काढतो ते शोधा. तोंड कोरडं पडतंय का, तोंडाने हवा गळतीये का, रेममध्ये दाब वाढल्यामुळे दचकून उठतोय का. ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) वाढवणं, मास्कचा प्रकार बदलणं, दाबाची मर्यादा परत बघणं, यातलं काहीतरी लागू पडतं. मशीनच्या कार्डवर तासागणिक नोंद असते, किती वाजता काढला आणि त्याआधी पाच मिनिटं गळती किती होती ते दिसतं. ते घेऊन डॉक्टरांकडे जा.

कानोसा :

कार्ड काढून बघितलं आत्ता. तीन वाजून दहा, तीन वाजून चाळीस, दोन पंचावन्न, तीन पाच. आणि काढायच्या आधी दर वेळी गळतीची रेष एकदम वर गेलीये. तोंड उघडतंय म्हणजे. हनुवटीला बांधायचा पट्टा बरा की नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क? दाढी आहे त्याला.

दुपारचीपेंग :

दाढी असेल तर मोठा मास्क कडेने गळतो, आधी पट्टा बघा. नाहीतर दाढी 🙂

कानोसा :

दाढीचं मी सांगून बघते. पट्टाच आणावा लागणार असं दिसतंय.